एकाच माइकवर अख्खं कुटुंब
एकाच माइकभोवती उभं राहून ब्लूग्रास (बँजो, फिडल, गिटारवरचं अमेरिकी संगीत) वाजवणाऱ्या कुटुंबाला स्पीकरमधून शिट्टी येण्याचा त्रास होतोय, म्हणून कुणीतरी प्रत्येकाला वेगळा माइक सुचवलाय. त्याआधी स्टेजवरचे मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) बंद करून पाहा. अशा वादनासाठी वापरला जाणारा मोठ्या डायफ्रामचा (आवाज टिपणाऱ्या पडद्याचा) संवेदनशील कंडेन्सर माइक त्यांचाच आवाज परत उचलतो. त्याला बहुतेक वेळा ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरमधून केबलवाटे माइकला मिळणारी वीज) लागते. माइकची उंची मुख्य गायकाच्या हनुवटीएवढी. बास (उभं मोठं तंतुवाद्य) मागे, बँजो दोन पावलं लांब, नाहीतर तो सगळ्यांना झाकून टाकतो.

खरी गडबड सोलोच्या वेळी होते. वाजवणाऱ्यानं आधीची ओळ संपायच्या आतच माइककडे निघायचं, वाद्य माइकपासून वीतभर अंतरावर आणायचं. गायकानं लगेच बाजूला सरायचं. गिटारचा दांडा फिडलच्या (व्हायोलिनच्या) गजावर आदळतो तो इथेच. म्हणून आत शिरायची आणि बाहेर पडायची बाजू घरीच पक्की करा. ब्लूग्रास गायक डेल मॅकौरी आणि त्यांची मुलं, मँडोलिनवर रॉनी, बँजोवर रॉब, यांचं हे सरकणं जरूर बघा, फार देखणं आहे!