जुनं एसईओ मेलं म्हणे!

जुना_खेळाडू: परवा इथे एकाने एसईओबद्दल, म्हणजे गूगल सर्चमध्ये पान वर आणण्याच्या कामाबद्दल, लिहिलं, "टायटल (पानाचं शीर्षक), अँकर टेक्स्ट (लिंकवर दिसणारे शब्द), अंतर्गत लिंका (साइटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर) हे सगळं इतिहासजमा. एआयच्या जमान्यात यावर वेळ घालवणं मूर्खपणा." डोकं सणकलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मेटा कीवर्ड्सला (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेल्या शब्दांच्या यादीला) रँकिंगमध्ये किंमत नाही हे गूगलने 2009 मध्येच सांगितलंय, त्याबद्दल वादच नाही. पण मध्यंतरी एक साइट हाती आली. चाळीस पानं आणि सगळ्यांचं टायटल "मुख्यपृष्ठ"! प्रत्येकाला स्वतःचं टायटल दिलं. "इथे क्लिक करा"च्या जागी त्या त्या पानाचा विषय लिहिला. सहा पानांना कुठूनच लिंक नव्हती, ती जोडली. महिन्याभरात सर्च कन्सोलमध्ये (साइटची आकडेवारी दाखवणारं गूगलचं साधन) इम्प्रेशन्स, म्हणजे सर्चमध्ये पान दिसण्याची संख्या, वाढली. नवं तंत्र एकही वापरलं नाही.

रोखठोक: ती पोस्ट माझीच. इम्प्रेशन्सनी पोट भरत नाही, क्लिक किती ते सांगा. माझं एक पान अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे, पण वर एआय ओव्हरव्ह्यू (निकालांच्या वर गूगलने एआयने लिहिलेलं उत्तर) आलं आणि क्लिक निम्म्यावर आले. टायटल काय चाटायचंय?

जुना_खेळाडू: ते उत्तर तरी कुठून येतं? पान क्रॉल झालं नाही (गूगलच्या बॉटने वाचलं नाही), इंडेक्समध्ये (गूगलच्या साठ्यात) नाही, तर तिथे तुमचं नाव लागणारच नाही.

लिंकग्रस्त: तुम्ही दोघं टायटलवर भांडताय. जुन्या तंत्रांनी खरी माती केली ती विकतच्या लिंकांनी. 2012 च्या एप्रिलमध्ये पेंग्विन (स्पॅम लिंका पकडणारं गूगलचं अपडेट) आलं आणि माझी साइट रातोरात गायब. शेकडो डिरेक्टऱ्यांत (साइट्सच्या याद्या देणाऱ्या संकेतस्थळांवर) एकाच अँकर टेक्स्टने लिंका टाकल्या होत्या, तेव्हा सगळे तेच सांगायचे. नंतर डिसअव्हाऊ फाइल (या लिंका माझ्या साइटसाठी धरू नका, असं गूगलला सांगणारी यादी) बनवत बसलो, एकेक डोमेन हाताने तपासून.

शांतपणे: ती फाइल आजही लोक घाबरून भरतात. बहुतेक साइट्सना तिची गरजच नाही, हे गूगल स्वतः सांगतं.

लिंकग्रस्त: आज नसेल. 2014 च्या ऑक्टोबरनंतर पुढचं पेंग्विन थेट 2016 च्या सप्टेंबरमध्ये आलं. सगळी घाण साफ करूनही आम्ही जवळपास दोन वर्षं नुसती वाट बघितली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शांतपणे: मान्य, त्या काळी अन्याय झाला. पण 2016 पासून पेंग्विन कोअर अल्गोरिदमचाच (गूगलच्या मुख्य रँकिंग यंत्रणेचाच) भाग आहे. स्पॅम लिंकांना ते शून्य किंमत देतं, अख्खी साइट खाली ढकलत नाही. आणि फाइलचा उलटा फटका मीही खाल्लाय. "डोमेन:" लिहून एका घावात मोठं संकेतस्थळ नाकारलं. तिथल्या एका लेखातून आलेली माझी सगळ्यात चांगली लिंक त्यातच गेली.

रोखठोक: म्हणजे मी म्हणतो तेच! जुन्या तंत्रांनी नुकसानच केलं.

जुना_खेळाडू: नाही हो! लिंका विकत घेणं तेव्हाही नियमाबाहेरच होतं. फसवाफसवी आणि पान नीट मांडणं एकाच पोत्यात का भरता? तुमच्या पोस्टवर भरवसा ठेवून कुणी नवा माणूस 301 रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं पाठवणारी सोय) न लावता सगळे यूआरएल (पानांचे पत्ते) बदलेल, त्याचं काय?

रोखठोक: एवढं चिडायचं कारण नाही. 301 चं मी बोललोच नव्हतो, ते हवंच. मागच्या वर्षी रिडायरेक्ट विसरून मी स्वतः दोनशे पानं घालवली.

जुना_खेळाडू: मग पोस्टमध्ये "सगळं" कशाला लिहिलंत?

रोखठोक: बरं, "सगळं" काढतो. अंतर्गत लिंका ठेवा, टायटलही ठेवा. पण दर दोन ओळींत कीवर्ड कोंबायला सांगणाऱ्यांना मी सोडणार नाही.

लिंकग्रस्त: आणि डिरेक्टऱ्या?

जुना_खेळाडू: त्यांना हात लावू नका.