मदत हवी आहे: जीवामृतासाठी जुनं बॅरल घ्यावं का?

नमस्कार मंडळी. डाळिंबाला जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं जिवाणूंचं पातळ खत) सुरू करायचंय. प्रमाण नेहमीचंच: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. घोडं अडलंय ते बॅरलपाशी.

तालुक्याला भंगारवाल्याकडे निळी प्लॅस्टिकची बॅरलं रांगेनं उभी आहेत. बुडाला त्रिकोणात २ चा आकडा, म्हणजे माल एचडीपीई, दणकट. पण आधी आत काय होतं? विचारलं की एकच उत्तर, "साबणाचं होतं, दादा." लेबलं मात्र खरवडलेली. एकाच्या बुचाला नाक लावलं तर डोळ्यांतून पाणी आलं, तो कसला साबण देव जाणे! कीटकनाशकाचं निघालं तर कितीही धुवा, प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं जात नाही म्हणतात. मग जिवाणू वाढवायची मेहनत पाण्यात.

शिवाय बरीचशी बंद तोंडाची, वर फक्त दोन बुचं. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं तर माथा कापावा लागणार. झाकण पूर्ण निघणारं, पट्टीनं आवळायचं बॅरल तो बरंच महाग सांगतोय. लोखंडी नकोच, गंजतं.

कुणी खाद्यतेलाचं किंवा फळांच्या पल्पचं जुनं बॅरल वापरलंय का? सोलापूर-पंढरपूर भागात खात्रीनं कुठे मिळेल? आणि तळाला ड्रिपसाठी तोटी बसवायची तर भोक किती वर पाडावं, म्हणजे गाळ फिल्टरमध्ये येणार नाही?