मदत हवी आहे: 'मुंगूस' मराठीत कुठून आला?

इंग्रजी 'मंगूस' हा आपल्या 'मुंगूस'वरून गेलेला शब्द. जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो आहे. त्यातल्या 'गूस'चा हंसाशी काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन सहसा 'मंगूसेस' होतं, 'मंगीस' नाही. इथवर ठीक.

अडलंय ते त्याच्या मागे. 'मुंगसा मुंगसा तोंड दाखव' म्हणत आपण वाढलो, इतका हा शब्द घरचा. पण संस्कृत 'नकुल'पासून हिंदी 'नेवला' निघतो, 'मुंगूस' नाही. कन्नडमध्ये मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. मग आपण त्यांच्याकडून घेतला की त्यांनी आपल्याकडून? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश पाहिला, पण तो एकोणिसाव्या शतकातला. ऐकीव व्युत्पत्ती नको, छापील आधार हवा.

फ्रायरच्या आधीच्या मराठी पोथीत किंवा बखरीत 'मुंगूस' कुणाला सापडलाय का? कुठल्या ओवीत, कुठल्या पानावर?