संवाद आणि संस्था: बंदरावरचा एक अनुभव

संस्था उपविधी (तिचे अंतर्गत नियम) आणि नेतृत्व यांवर उभी राहते, संवाद हे केवळ निरोप पोहोचवण्याचे साधन आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. अमेरिकन व्यवस्थापन-विचारवंत चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्ये संस्थेचे तीन घटक मांडले, संवाद, सहकार्याची इच्छा आणि समान उद्दिष्ट, आणि त्यांत संवादाला पहिले स्थान दिले.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेत मी हे जवळून पाहिले आहे. डिझेल परतावा, म्हणजे डिझेलवरील कराची सरकारकडून परत मिळणारी रक्कम, रखडला की त्याची सूचना कार्यालयातील फळ्यावर, सरकारी भाषेत लागायची. पहाटे समुद्रावर जाणारा खलाशी ती वाचणार कधी? साहजिकच पैसे कोणीतरी खाल्ले, अशी कुजबुज बंदरावर सुरू व्हायची आणि ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागणारी वार्षिक सभा त्याच संशयात पार पडायची.

पुढे सचिवांनी परताव्याचा प्रस्ताव कुठे अडला आहे हे लिलावाच्या वेळी जेटीवर उभे राहून सांगायला सुरुवात केली. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीच्या बंदीकाळात, होड्या शाकारलेल्या असताना, ते वाड्यावाड्यांत बसून हिशेबही वाचून दाखवू लागले. परतावा काही लवकर आला नाही, उपविधींतील एक अक्षरही बदलले नाही. पण मासळी विकणाऱ्या बायका, ज्या सभेत कधी बोलत नसत (माझ्या मते हाच सर्वांत मोठा बदल आहे), बर्फाच्या दरावर प्रश्न विचारू लागल्या, आणि त्यांच्या प्रश्नांवरून कार्यकारी मंडळाचे निर्णय बदलू लागले.