चर्चा : शाळा भरताना-सुटताना गल्लीत चारचाकी बंद करावी का?

पायवाट

पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत कितीतरी शाळा सात-नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यांवर आहेत. माझं म्हणणं असं की, अशा रस्त्यावर शाळा भरताना अर्धा तास आणि सुटताना अर्धा तास चारचाकी बंद ठेवावी. दिवसभर नाही, मुख्य रस्त्यावरही नाही. शाळेच्या बस, व्हॅन आणि रिक्षांना सूट. रहिवाशांना सूट. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाला तर कायमच.

थोडा हिशोब मांडू. फाटकासमोर ६० मीटर कड पूर्ण मोकळी मिळाली असं धरा (मिळत नाही, पण धरा). एका मोटारीला आत शिरून, थांबून, बाहेर पडायला ६-७ मीटर लागतात. म्हणजे एका वेळी नऊ गाड्या. दार उघडणं, दप्तर, डबा, विसरलेली पाण्याची बाटली, मग पुन्हा रांगेत घुसणं, यात दोन मिनिटं सहज जातात. वीस मिनिटांत झाल्या नव्वद गाड्या. दीड हजारांचा पट असलेल्या शाळेत पाचातलं एक मूल मोटारीने आलं, तरी ३०० गाड्या होतात. रस्ता रुंद करून हा प्रश्न सुटत नाही, कारण कमी पडते ती कडेची लांबी. उरलेल्या दोनशे गाड्या दुसऱ्या रांगेत थांबतात आणि चालत येणारी मुलं त्या दोन रांगांच्या फटीतून बाहेर येतात. फटीतून येणारं पहिलीतलं मूल बॉनेटपेक्षा फारसं उंच नसतं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याला ते दिसतच नाही.

बेल्जियममधल्या गेंट शहरात २०१२ पासून शाळेच्या वेळेत रस्ता बंद ठेवण्याचा हा प्रयोग सुरू आहे. २०१८ मध्ये तो तिथल्या वाहतूक नियमांत आला. लंडनमध्ये अशा बंदीचा परिणाम पाहायला १८ प्राथमिक शाळांजवळ हवा मोजली, तेव्हा सकाळच्या वेळेत गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड २३ टक्क्यांपर्यंत कमी झालेला आढळला.

आपल्याकडे नवा कायदा लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ प्रमाणे वाहनांवर अशी बंदी घालता येते. बंदी महिन्याभरापुरतीच असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केली की पुरे. वाहतूक शाखा गणपतीत असे आदेश काढतेच.

चाकोरी

पूर्ण असहमत. लंडनचा दाखला इथे लागू होत नाही. तिथे प्राथमिक शाळेतली मुलं बहुतेक आसपासचीच असतात. इथे धायरीचं मूल कोथरूडला जातं. त्याला पायी या असं सांगता येत नाही.

दुसरं, वेळेचं काय? फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांच्या झोपेसाठी चांगलं असेल, पण शाळेची गर्दी ऑफिसच्या गर्दीवर येऊन आदळली. पूर्वी एकच बस सातची मोठी मुलं सोडून छोट्यांच्या फेरीला वेळेत निघायची. आता ती दुसरी फेरी ऐन कोंडीत सापडते. त्यात गल्ली बंद केलीत तर त्या ३०० गाड्या नाहीशा होत नाहीत, गल्लीच्या तोंडाशी मुख्य रस्त्यावर थांबतात. डावी लेन गेली की मागे पीएमपी (शहर बस) अडकते, आणि मूल उतरतं ते थेट वाहत्या रहदारीत. आत गाड्या निदान रांगत तरी होत्या.

सिग्नल

@चाकोरी, तोंडाशी कोंडी होते हे खरं. पण ती बंदीमुळे होत नाही, बंदी अर्धवट राबवल्यामुळे होते. फलक गल्लीच्या तोंडाशीच लावतात. चालकाला बंदी कळते तेव्हा तो वळून आलेला असतो. मग तिथेच रिव्हर्स, मागे चार दुचाक्या, आणि रस्ता ठप्प. पहिला फलक आधीच्या चौकात हवा, वेळ आणि बाण यांच्यासकट. मुलं उतरवायची जागा २००-३०० मीटरवर आधी ठरलेली हवी : मैदानाची कड, महापालिकेचं वाहनतळ, मंगल कार्यालयाचं आवार (सकाळी ते रिकामंच असतं). तिथून शाळेपर्यंत सलग फुटपाथ नसेल तर बंदी लावूच नये. आधी फुटपाथ करा.

तोंडाशी पोलिसांची चाकांची लोखंडी बॅरिकेड्स लावावीत. साखळी-कुलूप नको, बंब आला की किल्ली सापडत नाही. बंबासाठी साडेतीन-चार मीटर वाट एका झटक्यात मोकळी व्हायला हवी. प्रत्येक तोंडाला माणसं दोन : एक बॅरिकेड ओढायला, एक बोलायला. एकच ठेवला की तो एका गाडीशी हुज्जत घालतो आणि त्याच्या पाठीमागून तीन शिरतात. स्वयंसेवकाला दंड करायचा अधिकार नाही आणि हे लोकांना पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून पहिले दोन आठवडे ई-चलनाच्या यंत्रासह वाहतूक पोलीस उभा हवाच. नंतर आठवड्यातून दोनदा, न सांगता.

जुना वाडा

सगळे शाळेचंच बोलताहेत. त्या गल्लीत माणसंही राहतात. सकाळी डायलिसिसला जायचं असतं, दुधाचा टेम्पो येतो, सिलिंडरची गाडी येते, कुणाची सात वाजताची शिफ्ट सुटते. "रहिवाशांना सूट" हे लिहायला सोपं आहे. काचेवर चिकटवायचे पास दिलेत तर पंधरा दिवसांत त्यांच्या रंगीत झेरॉक्स शाळेच्या पालकांच्या गाड्यांवर दिसतील.

आणि लोकांना विचारणार कसं? पॅरिसमध्ये मार्च २०२५ ला आणखी ५०० रस्ते मोटारींसाठी बंद करण्यावर मतदान घेतलं. ६६ टक्के 'हो' म्हणाले, पण मतदानाला आले जेमतेम ४ टक्के. इथे हरकती-सूचनांची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, ती गल्लीतल्या कुणी वाचलेली नसते. आदेशाचा कागद गल्लीतल्या प्रत्येक जिन्यात लागला पाहिजे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. तोवर माझा विरोध.

खडी

माझ्या मते बंदीपेक्षा वेग महत्त्वाचा. दोन अर्ध्या तासांचा बंदोबस्त करून उरलेल्या वेळी तोच रस्ता बेभान सोडायचा, हे पटत नाही. मुलं संध्याकाळी क्लासला, मैदानावर तिथूनच जातात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात २५ किमी वेगासाठी गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच सांगितला आहे. आपल्याकडे ठेकेदार डांबराचा फूटभर रुंद उंचवटा ओततो. त्यावर मोटार जेमतेम हलते, दुचाकी बाजूच्या फटीतून जाते आणि पावसाळ्यात अलीकडे तळं साचतं. फाटकासमोरचं क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला आणा, दोन्ही बाजूंना उतार द्या, गटाराचा पाइप खालून न्या. हे काम एकदा केलं की रोज माणूस उभा करावा लागत नाही.

पूर्वा

चारचाकी बंद आणि दुचाकी चालू? मग काय साधलं? पुण्यात आधी फुटपाथवर चढते ती दुचाकी.

पायवाट

@पूर्वा, दुचाकीवर दोन मुलं येतात आणि ती दीड-दोन मीटरमध्ये थांबते. पहिल्याच दिवशी तिला अडवलं तर निम्मी शाळा विरोधात जाईल. तिला आत येऊ द्यावं, पण फाटकापासून ५० मीटर अलीकडे थांबवावं आणि फुटपाथच्या कडेला सव्वा मीटर अंतराने खांब रोवावेत. त्यातून व्हीलचेअर जाते. दुचाकीही जाऊ शकते, म्हणून दोन्ही टोकांना माणूस लागेल. हे मान्य.

@जुना वाडा, पास नकोच. रहिवाशांच्या गाड्यांच्या नंबरांची छापील यादी तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाकडे द्यावी. गल्लीत ८०-१०० गाड्या असतील तर दोन पानांत मावते. रहिवाशाची गाडी आत चालण्याच्या वेगाने जाईल, पुढे स्वयंसेवक. टेम्पोवाल्यांना आधी सांगितलं तर ते वेळ बदलतात. आजारी माणसाच्या गाडीला मात्र यादीत नाव असो-नसो, सोडायचंच.

@खडी, उंच क्रॉसिंग हवंच. पण त्याने वेग उतरतो, रांग हटत नाही. फटीतून येणारं मूल रांगेमुळे झाकलं जातं.

चाकोरी

विरोध कायम, पण करायचंच असेल तर जूनमध्ये सुरू करू नका. शाळा उघडते तेव्हाच पाऊस लागतो, एरवी सायकलवर येणारी मुलंही मोटारीने येतात, आणि आठवड्यात प्रयोग फसला म्हणून जाहीर होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक महिना करा. आधी एक आठवडा आणि बंदीच्या चौथ्या आठवड्यात मोजा : तोंडाशी मुख्य रस्त्यावर किती गाड्या थांबल्या, पीएमपीला तो टप्पा ओलांडायला किती मिनिटं लागली, किती मुलं रस्त्याच्या बाजूच्या दारातून उतरली. तिसरा आकडा वाढला, तर बाकी काहीही सुधारलेलं असो, बंदी त्याच दिवशी उठवायची. हे आदेशातच लिहा.

सिग्नल

तिसऱ्या आकड्याची अट मान्य. फक्त तो कोपऱ्यावरून मोजू नका, थांबलेल्या गाड्यांमुळे दारं दिसत नाहीत. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून मोजा, आणि उतरवायच्या जागेवरही मोजा.