शरदातल्या घरगुती बैठकीला कोणती वाइन नेता? अनुभव लिहावेत

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मित्रमंडळींच्या घरगुती बैठका सुरू होतात आणि यजमानांनी "काही आणू नका" असे बजावले, तरी अनेकजण एखादी वाइन घेऊन जातात. आपण ती कशी निवडता आणि ती जेवणाशी जमली का, हे येथे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. माझे मत आधी नोंदवतो: जेवणात काय आहे हे विचारल्याशिवाय बाटली घेऊ नये. तिखट रश्शाबरोबर भरपूर टॅनिनची (द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या तुरटपणाची), १४-१५ टक्के अल्कोहोलची रेड वाइन घेतली की तोंडातली आग वाढते. उलट थोडा आंबटपणा आणि किंचित गोडी असलेली हलकी वाइन तिखट सावरून घेते.

न्यू जर्सीहून: आमच्याकडे प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा असतो, त्यामुळे भरली वांगी, कोंबडीचा रस्सा आणि पास्ता एकाच ताटात येतात. अशा ताटासाठी मी शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागातली रीस्लिंग ही व्हाइट वाइन नेते. रीस्लिंग गोडच असते, या समजुतीने पुष्कळजण ती टाळतात. परंतु अनेक बाटल्यांच्या मागच्या लेबलावर ड्राय म्हणजे गोडी नसलेलीपासून गोडपर्यंतची पट्टी छापलेली असते आणि तीवरची खूण पाहून निवड करता येते. मी मध्यम ड्राय घेते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणाला मात्र बोजोले नुव्हो नेते. ही फ्रेंच वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि थँक्सगिव्हिंग चौथ्या गुरुवारी असते, म्हणजे ती अगदी ताजी मिळते. रेड असली तरी थोडी गार करूनच द्यावी.

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून: आमच्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फेडरवायसर मिळते. ही अर्धवट आंबलेली, गढूळ, गोडसर आणि फसफसणारी नवी वाइन असते. बाटलीत आंबण्याची क्रिया सुरूच असल्याने तिचे झाकण मुद्दाम घट्ट बसवलेले नसते. तयार होणारा वायू बाहेर पडला नाही तर बाटली फुटण्याचा धोका असतो. म्हणून ती पिशवीत आडवी ठेवता येत नाही, ट्राममध्ये दोन पायांच्या मधे उभी धरून न्यावी लागते, आणि खरेदीही शक्यतो त्याच दिवशी करावी, कारण दिवसागणिक तिची गोडी कमी होऊन अल्कोहोल वाढत जाते. येथील लोक तिच्याबरोबर कांद्याचा खारा केक खातात. मी एका मराठी घरी ती कांदाभज्यांबरोबर दिली आणि ती जोडी मला केकपेक्षाही सरस वाटली. गोड आहे म्हणून लोक ती भराभर पितात, हे मात्र यजमानांना सांगून ठेवावे.

नाशिकहून: आमच्याकडे हे दिवस द्राक्षबागांच्या छाटणीचे. वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, त्यामुळे लेबलावर चालू वर्ष असलेली शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन ऑक्टोबरमध्ये तरतरीत असते. शेवभाजी आणि भाकरीच्या बेताला मी तीच नेतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ती आधी तीन-चार तास फ्रिजमध्ये ठेवतो. रेड न्यायचीच असेल तर तीही अर्धा तास गार करावी, नाहीतर अल्कोहोलचाच वास पुढे येतो. २ ऑक्टोबरला ड्राय डे असतो, तेव्हा खरेदी आदल्या दिवशीच उरकावी.

पुण्याहून: ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, त्यामुळे आठ-दहा माणसांत एक भारी बाटली नेण्यापेक्षा मी मध्यम किमतीच्या, एकाच प्रकारच्या दोन नेतो. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रसही नेतो आणि तो त्याच ग्लासांतून देतो. यजमानांनी माझी बाटली त्या दिवशी उघडली नाही, तर आग्रह करत नाही; त्यांनी जेवणाबरोबरची वाइन आधीच ठरवलेली असू शकते.