सगळं श्रेय गोपाळरावांनाच का?

एका प्रतिसादात आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीचं सगळं श्रेय त्यांच्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या पदरात टाकलंय. त्यांनी शिकवलं, हट्टाने परदेशी पाठवलं, हे कबूल. पण अभ्यासापायी बायकोला मारहाणही केली, आणि आनंदीबाईंनी अमेरिकेतून पत्रात ते त्यांना स्पष्ट सुनावलंय. याला पाठबळ म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

मला मोठ्या वाटतात त्या न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाई. दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघताना त्यांनी एक मिशनरी मासिक चाळलं. त्यात बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं गोपाळरावांचं पत्र आणि सोबत संपादकांचा धर्मांतराचा सल्ला. बाईंनी तसली काही अट न घालता सरळ आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ना ओळख ना पाळख! १८८३ मध्ये आनंदीबाई नवऱ्याशिवाय अमेरिकेला पोचल्या, त्या यांच्याच घरी. पुढे आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायच्या.

आणि १८८६ च्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या, हेही कुणी सांगत नाही. श्रेय वाटताच आहात, तर या दोघींचाही वाटा काढा की.